शेळी द्यावी की पाणी अडवावे?

वडिलांच्या स्मृतीसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज दरवर्षी शेतकऱ्यांच्या उपयोगी पडावे, असे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा इंदूरहून स्वतः जाऊन पाहता येतील अशी दोन कामे समोर आली. एक झाबुआकडच्या भिल्ल वस्त्यांमधील शेळीवाटपाचे, दुसरे देवास जिल्ह्यातील नालाबंधाऱ्यांचे. देणगीवरची करसवलत, संस्थेचा ताळेबंद वगैरे वाचकांनी तपासलेलेच असेल, असे धरून चालतो. पाच वर्षे आम्ही दोन्हींकडे निम्मे निम्मे दिले.

शेळीची बाजू मुळीच लंगडी नाही. ज्यांची जमीन बिघाभर आहे किंवा नाहीच, त्यांच्या हाती थेट काही देणारे काम हेच. पाच महिन्यांत शेळी विते, अनेकदा जुळी होतात, आणि सोयाबीनचे बियाणे, आजारपण किंवा होळीआधीचा भगोरियाचा बाजार अशा ऐन गरजेच्या वेळी एखादा बोकड विकून सावकाराचा उंबरठा टाळता येतो. हे मी पाहिले आहे. मात्र घरची सारी माणसे मजुरीसाठी गुजरातेत गेली, तर शेळ्या सांभाळायच्या कोणी, हा प्रश्न उरतोच.

माझे मन उडाले ते एका श्रावणातल्या भेटीत. एका बाईंनी आतून फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणली. तिच्यात मेलेल्या शेळीच्या कानातला पिवळा बिल्ला होता. बिल्ल्याशिवाय विम्याचा दावा होत नाही, हे त्यांना वाटपाच्या दिवशी सांगितले होते आणि त्यांनी तो जपून ठेवला होता. पण विम्याचे कागद संस्थेकडे, आणि संस्थेचा प्रकल्प ३१ मार्चला संपलेला. आंत्रविषाराची (शेळ्यांच्या आतड्यांच्या जीवघेण्या रोगाची) लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते, म्हणजे नेमकी प्रकल्प आटोपल्यानंतर. कार्यकर्त्याचा फोन लागला नाही. माझ्याकडे मात्र वाटपाच्या दिवसाची हार घातलेली छायाचित्रे व्यवस्थित पोहोचली होती. हीच गोष्ट मला आजही सलते.

बंधाऱ्यांचे काम दात्याच्या उत्साहाची परीक्षा पाहते. पहिली दोन वर्षे दाखवण्यासारखे काही नसते. शिवाय पाण्याचा पहिला लाभ जमीनवाल्यालाच होतो, हा आक्षेप खरा आहे. ज्या देवासला १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात २००६ मध्ये शेततळ्यांची जी रेवासागर मोहीम सुरू झाली, तिनेही आधी मोठ्या शेतकऱ्यांनाच साद घातली होती. तरीही गव्हा-चण्याला पाणी मिळाले की निंदणी-कापणीची मजुरी गावातच मिळते, आणि आम्ही मदत केलेल्या गावात निदान काही भूमिहीन कुटुंबांचे दिवाळीनंतरचे स्थलांतर त्यामुळे थांबले, असे तिथली माणसे सांगतात. एका शेतकऱ्याने विहिरीच्या दोराला गाठी मारून ठेवल्या आहेत, दर अक्षय्य तृतीयेला पाणी जिथे लागते तिथे एक. त्यांपैकी शेवटच्या तीन गाठी क्रमाने वर सरकलेल्या मी हाताने चाचपून पाहिल्या. पावसातही फरक असतो, त्यामुळे सारे श्रेय बंधाऱ्याला देणे योग्य नव्हे.

परंतु चौथ्या वर्षी बंधारा गाळाने भरला, तेव्हा संस्थेचा माणूस तिथेच होता, आणि गावाच्या समितीने घरटी वर्गणी काढून गाळ उपसला, शेतांत पसरला. त्या बंधाऱ्यासाठी दिलेल्या देणगीचे वर्ष उलटून गेले होते, काम थांबले नव्हते.

भूमिहीन कुटुंबापर्यंतच मदत पोहोचावी असा आपला आग्रह असेल, तर शेळी वगळू नये. फक्त पुढच्या पावसाळ्यापूर्वी लस कोण टोचणार आणि विम्याचे कागद कोणाच्या घरी राहणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. गावातच राहणाऱ्या, लस टोचायला शिकलेल्या बाईचे नाव उत्तरात आले, तर मीही पुन्हा विचार करीन. तूर्त गेल्या वर्षापासून आमचे सारे व्याज देवासकडे जाते, आणि त्यातला ठरावीक भाग गाळ काढण्यासाठी राखून ठेवावा, एवढी एकच अट आम्ही लेखी घातली आहे.