आयर्लंडच्या सरकारी दफ्तराची वेबसाइट : पैसे भरायच्या आधी हे पाहा

माह्या भाचीचा नवरा बॉस्टनचा, घराणं मूळ आयर्लंडच्या मेयो काउंटीतलं. खापरपणजोबा तिकडून बोटीनं अमेरिकेत आले एवढंच घरात माहीत होतं. मी इकडं यवतमाळ जिल्ह्यात लोकायले कोतवाल बुकाच्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या) नकला शोधून देतो, म्हणून भाची म्हणे मामा त्यायचे पूर्वज तुम्हीच शोधून पाहा.

पैसेवाल्या साइट लय आहेत, दर महिन्याले डॉलर कापतात. पण आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्हजनं १९०१ अन् १९११ ची अख्खी जनगणना फुकट टाकून ठेवली आहे, नाव अन् काउंटी टाका की घरातले सगळे लोक समोर, वय, धंदा, लिहितावाचता येते का, आयरिश बोलतात का, अन् मूळ फॉर्मचा फोटोही उघडतो. मी सगळं मोबाइलवरच केलं. त्याआधीच्या जनगणना मात्र जवळजवळ नाईतच, काही सरकारनंच नष्ट केल्या अन् उरलेल्या १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारात सरकारी दफ्तर होतं, तिथल्या आगीत गेल्या.

बॉस्टनच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत खापरपणजोबांच्या आईबापाचं नाव होतं, त्यावरून त्यायची माय सापडली, गावातच राह्यलेली. १९११ च्या फॉर्मात बाईले विचारलं आहे की लेकरं किती झाली अन् जिवंत किती. तिथं नऊ अन् पाच लिहिलेलं. ते पाहून मी फोन खाली ठेवला.

अजून एक. १९०१ मधी तिचं वय ५५ अन् १९११ मधी ७१! अशा नोंदी तिथं ढिगानं आहेत, कारण १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यायले आठवड्याले पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली, अन् जन्माची सरकारी नोंद तर १८६४ पासूनची, मग म्हातारे लोक वयाचा पुरावा आणतील कुठून. आपल्याकडं श्रावणबाळ योजनेसाठी बुढ्याबाढ्यायची जी धावपळ होते तीच. तवा ते १८४१ अन् १८५१ च्या जनगणनेतून आपलं नाव शोधून मागत. मूळ कागद जळाले, पण शोधाचे ते अर्ज वाचले अन् तेही याच साइटवर आहेत. तिच्या अर्जात तिच्या आईबापाचं नाव अन् वाडी मिळाली, म्हणजे अजून एक पिढी वर गेलो. १८५१ मधी ती दहा वर्षांची पोरगी होती, म्हणजे १८४५ पासूनचा तो बटाट्याच्या रोगाचा दुष्काळ तिनं लेकरू असताना काढला. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास लोक मेले अन् त्याहून जास्त देश सोडून गेले, मेयोत तर हाल लय वाईट. ती जगली म्हणून जावईबापू आहेत, हे मी त्यायले फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ बोललेच नाईत.

आडनावाची स्पेलिंग मात्र चार तऱ्हेनं टाकून पाहा, आडनावाच्या आधीचं ओ अन् मॅक लावून, काढून. वयावर तर अजिबात भरवसा ठेवू नका.

१८६४ च्या मागं जायचं असन तर नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडनं २०१५ पासून कॅथलिक चर्चची रजिस्टरं फुकट ठेवली आहेत, फक्त ती नावानं शोधता येत नाईत, गावचं चर्च माहीत पाहिजे अन् पानं एकेक वाचावी लागतात, लॅटिन नावंही येतात. वाडी सापडल्यावरच तिकडं जा.