कांग यात्से २ गाईडसोबत: ट्रिप वसूल, पण भाड्याचे क्रॅम्पॉन उलटे करून बघा

मागच्या ऑगस्टची ट्रिप, लिहितोय आत्ता, कारण तेव्हा लिहिलं असतं तर नुसता रागच निघाला असता. लडाखमधलं शिखर, मार्खा व्हॅलीचा रूट, ६२५० मीटर, हे सगळ्यांना माहितीच आहे, तिथलंच स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये बंद झाल्यावर आपल्याकडचे बरेच जण पहिल्या सहा-हजारीसाठी, म्हणजे सहा हजार मीटरवरच्या शिखरासाठी, इकडेच वळले. जेवण चांगलं, तंबू ठीक, खेचरं वेळेवर.

क्रॅम्पॉनचं, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधतात त्या दात्यांचं, मात्र सांगायलाच हवं. भाडं वेगळं घेतलं, अडीच हजार, आणि दिले ते अँटी-बॉलिंग प्लेट नसलेले. खाली प्लास्टिकचं किंवा रबराचं पातळ पान असतं ना, बर्फ चिकटू नये म्हणून, तेच गायब. रात्री चढताना काही जाणवलं नाही, बर्फ कडक होता, दाते कचाकच रुतत होते. उतरताना ऊन वर आलं, बर्फ ओला झाला आणि दोन पावलांत बुटाखाली नारळाएवढा गोळा! दाते खालच्या बर्फाला लागतच नाहीत, आपण गोळ्यावर उभे. सह्याद्रीत घसाऱ्यावर टाच रोवून उतरायची सवय, इथे रोवायला टाचच सापडेना.

डावा पाय सटकला आणि मी खाली जायला लागलो. हातभर गेलो असेन, कमरेला दोराचा हिसका बसला, थांबलो. उतरताना गाईड सगळ्यात मागे, म्हणजे आपल्या वर का राहतो ते तेव्हा कळलं. तो ओरडला नाही, जवळ आला, आइस अॅक्सच्या दांड्याने माझ्या बुटाच्या कडेला ठोकलं, गोळा पडला. "हर दूसरा कदम ठोको, सर." तिथून उतार संपेपर्यंत टक, टक, टक करत आलो. त्या माणसासाठी पूर्ण फी पुन्हा भरेन.

लेहला ऑफिसात तक्रार केली तर म्हणे सगळे हेच वापरतात, वर पट्टा झिजला म्हणून डिपॉझिटमधून ८०० कापले. पट्टा आधीच झिजलेला होता, माझ्याकडे पहिल्या दिवशीचा फोटो होता. तीन आठवडे फोन करून पैसे परत घेतले, सोडायचे नाहीत.

मग चिडून स्वतःचे घेतले, प्लेटवाले, ११ हजार गेले. मे महिन्यात मनालीजवळ फ्रेंडशिप पीकला वापरले आणि इथे माझं मत थोडं बदललं. ओल्या बर्फात प्लेट असूनही गोळे धरतातच, कमी धरतात एवढंच, दांड्याने ठोकावं लागलंच. प्लेट असती तर मी घसरलोच नसतो असं वर्षभर सगळ्यांना सांगत होतो, ते आता म्हणणार नाही. पण भाडं घेऊन प्लेट न देणं चूकच, यावर मी ठाम आहे.

जाणार असाल तर एका दोरावर एका गाईडमागे किती जण ते आधी विचारा, आम्ही तिघे होतो. आणि क्रॅम्पॉन लेहमध्येच, ज्या बुटांनी चढणार त्याच बुटांवर चढवून, पाय जोरात झटकून बघा, हलले तर तिथेच बदलून घ्या, बेस कॅम्पला दुसरे मिळत नाहीत.