एसटीची पोलादी बांधणीची साधी गाडी: पत्र्याआड काय आहे?

साध्या एसटीविषयी कोणी मत दिले, तर ते सीटची गादी, खिडकीची काच आणि गाडी वेळेवर सुटली की नाही, एवढ्यावर बहुधा संपते. माइल्ड स्टीलच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, बांधणीच्या लाल परीने माझे नेहमीचे जाणे-येणे आहे आणि तिच्या गादीबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु या गाडीचा खरा गुण तिच्या पत्र्याआडच्या सांगाड्यात आहे आणि परीक्षण व्हायचे तर त्याचेच व्हायला हवे.

दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील आपल्या कार्यशाळांत महामंडळ वर्षानुवर्षे चासिसवर, म्हणजे इंजिन आणि चाके असलेल्या खालच्या पायावर, ॲल्युमिनियमची बांधणी चढवत आले. ती हलकी होती, गंजत नव्हती, ठोकून सरळ करायलाही सोपी होती. मात्र रिव्हेटने जोडलेला तो सांगाडा जोराच्या धडकेत जोडांपाशीच उसवतो आणि फाटलेल्या पत्र्याची धार आतल्या माणसाला कापते. बाजूने ट्रक घासून गेलेली जुनी गाडी ज्यांनी आगारात उभी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. 2018 च्या सुमारास पोलादी, वेल्डिंगने जोडलेल्या बांधणीच्या गाड्या येऊ लागल्या, तो बदल म्हणूनच नव्या रंगापेक्षा कितीतरी मोलाचा होता.

अशा सांगाड्याची कसोटी एआयएस-031 या भारतीय मानकात दिलेली आहे. गाडी एका फलाटावर उभी करून तो फलाट हळूहळू कलता करतात आणि तोल जाताच गाडी 800 मिलिमीटर खोल असलेल्या जमिनीवर आपल्या वजनाने आडवी पडते. खांब वाकले, पत्रा चेपला, तरी चालते. अट एवढीच की प्रवाशाभोवती आखून दिलेल्या मोकळ्या जागेत सांगाड्याचा कोणताही भाग घुसता कामा नये. हे साधते ते केवळ जाड पोलाद वापरल्याने नव्हे. दोन खिडक्यांमधला खांब, त्याच्यावरची छताची कमान आणि खालची फरशीखालची आडवी तुळई एका रेषेत येऊन त्यांचे बंद कडे झाले, तरच पडल्याचा मार सगळ्या कड्यांत वाटला जातो. कमान खांबापासून वीतभर जरी सरकलेली असली, तरी खिडकीच्या खालच्या अंगाला, जिथे खांब आडव्या पट्टीला मिळतो तिथे, तो मोडतो आणि छत खाली येते. हे बसल्या जागेवरूनही ताडता येते: छताच्या आतल्या पत्र्यावरची आडवी जोडपट्टी खिडकीच्या खांबावर नेमकी उतरते का, ते पाहावे. मी बसतो त्या गाड्यांत ती उतरते, आणि खड्ड्यातून जाताना जुन्या गाडीसारखी बाजूची भिंत वेगळी हलत नाही.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पोलाद जड असते आणि गंजते. खिडकीच्या खाचेत साचलेले पावसाचे पाणी खांबाच्या आतून खाली झिरपते, त्यामुळे गंज धरतो तो नेमका तळाशी, पत्र्याच्या मागे. कोकणातल्या हवेत तर लवकरच. पहिल्या दिवशीची ताकद दहाव्या वर्षी उरली आहे का, हे रंग चकचकीत आहे म्हणून कळत नाही. त्यासाठी पासिंगच्या वेळी खालचा पत्रा उघडून खांबाचे बूड पाहावे लागेल. शिवाय कलंडण्याच्या चाचणीत उभ्या प्रवाशांचे वजन धरलेले नसते, आणि आपल्याकडे यात्रेच्या दिवसांत गाडी कशी भरते ते सर्वांना ठाऊक आहे.

समोरासमोरच्या धडकेला तर ही चाचणी स्पर्शच करत नाही. चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो आणि त्याच्या गुडघ्यांसमोर फारसे काही नसते. ट्रकच्या केबिनसाठी समोरच्या आघाताची चाचणी आहे. बसच्या चालकाच्या वाट्याला तेवढाही विचार आलेला दिसत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

सांगाडा टिकला तरी बाहेर पडता आले पाहिजे. 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर गाडी दरवाजाच्या बाजूवर उलटून पेटली आणि 25 जण दगावले. त्यानंतर मी प्रवास केलेल्या एका खासगी स्लीपरमध्ये (नाव घेत नाही) मागच्या संकटकालीन खिडकीसमोर बर्थ आडवा होता आणि त्यावर प्रवासी झोपलेला होता. साध्या एसटीत आसने बैठी, उंची कमी, आणि ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही पाटी जिथे आहे तिथे खरोखर मार्ग आहे. रात्रीच्या लांबच्या प्रवासाला पाठ अवघडते, हे मान्य. तरीही एकाच वेळेला दोन्ही गाड्या समोर असतील, तर मी या गाडीचे तिकीट काढतो आणि जमेल तेव्हा पहिल्या दोन रांगा सोडून मधली जागा धरतो.