व्हॅल्युएशन रिपोर्टवर विसंबून जुना पिकअप घेऊ नका

बेदाण्याच्या हंगामासाठी जुना पिकअप शोधणाऱ्या तासगाव-मिरज भागातील शेतकऱ्यांनी हे जरूर वाचावे, कारण सांगलीतील ज्या एजंटाने मला फसवले, तो आजही बिनधास्त गाड्या विकतो आहे. २०१५ च्या पिकअपचे त्याने माझ्याकडून ४,३५,००० रुपये घेतले. त्यातले १,५०,००० रोख, विनापावती. नंतर कुपवाडच्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेऊन खालून पाहिली, तेव्हा चेसिस कापून वेल्डिंगने जोडलेली निघाली. या गाडीचे २,१०,००० सुद्धा जास्त होतात, असे ते म्हणाले.

मी फुकटात गाडी मिळवायला निघालो नव्हतो. भाव बाजाराला धरूनच वाटत होता आणि हातात गाडीची किंमत सांगणारा व्हॅल्युएशन रिपोर्ट होता. तो एजंटाच्याच माणसाने केलेला होता आणि त्याचे २,५०० रुपयेही माझ्याकडूनच घेतले होते. शिवाय विमा पॉलिसीवर ४,६०,००० रुपये आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दाखवली होती. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचा घसारा ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे धरतात. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक आपसांत आकडा ठरवतात. तेव्हा जुन्या गाडीची आयडीव्ही हा बाजारभाव समजू नका.

मीटर ७८,००० किलोमीटर दाखवत होते, पण ब्रेकच्या पेडलचे रबर पार झिजून खालचे लोखंड चकाकत होते, म्हणजे गाडी त्याहून बरीच जास्त पळालेली असणार. मला ते दिसले, मी विचारलेही. "दादा, ड्रायव्हर बदलत राहिले, त्यांना गाडीची काय माया?" असे म्हणून त्याने लगेच कराडचे दुसरे गिऱ्हाईक असल्याचा विषय काढला आणि २५,००० टोकन मागितले. हंगाम तोंडावर आलेला, भाड्याची गाडी कुठे मिळत नव्हती. त्या घाईचा त्याने बरोबर फायदा उचलला. ते चकाकणारे लोखंड आठवले की आजही संताप होतो.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा" एवढेच ऐकायला मिळाले. खोटे सांगून पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी अर्जदाराने त्यांना सांगायचे का? परिवहन कार्यालयात सांगितले, की गाडीचा फिटनेस, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला, वैध आहे आणि किंमत हा त्यांचा विषय नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. मग जोडलेली चेसिस तपासणाऱ्याला दिसली कशी नाही, या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टाने लेखी तक्रार पाठवली आहे.

मिस्त्री तुमचा हवा, एजंटाने सुचवलेला नको. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढायला लावा. धुराचे भपके आले तर इंजिनकाम आलेच. चेसिस नंबर देऊन सर्व्हिसची नोंद मागा, टायर गाडीबरोबर आलेले, कंपनीचेच आहेत असे एजंट म्हणाला तर कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. रोख तर मुळीच देऊ नका. ठाण्यात मला पहिल्यांदा पावतीच मागितली.