नदीच्या प्रवाहनोंदींसाठी एंट्रॉपीहब: वापरण्याजोगे, पण डीफॉल्टवर विसंबून नव्हे

एंट्रॉपीहब हे 2021 साली प्रसिद्ध झालेले मोफत सॉफ्टवेअर मॅटलॅब, पायथन आणि जूलिया या तिन्हींत चालते, आणि कालमालिकेतील, म्हणजे ओळीने घेतलेल्या नोंदींतील, अनियमितता (एंट्रॉपी) मोजण्याच्या बहुतेक प्रचलित रीती त्यात एकत्र मिळतात. मुंबईच्या परिसरातील नद्यांच्या, विशेषतः उल्हासच्या, दैनंदिन विसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना मी ते मनापासून सुचवेन.

मात्र त्यातली सॅम्पल एंट्रॉपी ही रीत जपून वापरावी. सलग दोन दिवसांचे जे तुकडे एकमेकांशी जुळतात, त्यांचा तिसरा दिवसही जुळतो का, हे ती पाहते, आणि ‘जुळणे’ म्हणजे फरक प्रमाण विचलनाच्या (नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत, त्या मापाच्या) 0.2 पटीच्या आत असणे, असे डीफॉल्ट आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने जेमतेम धार. त्यामुळे 26 जुलै 2005 सारखे मोजके पूर प्रमाण विचलन इतके फुगवतात की उन्हाळ्यातले सगळे दिवस एकमेकांशी जुळलेले ठरतात आणि वर्षभराची एंट्रॉपी शून्याकडे झुकते. म्हणजे ज्या नदीचा भरवसा देता येत नाही, तीच कागदावर अत्यंत नियमित दिसते! जून ते सप्टेंबरच्या नोंदी वेगळ्या काढून विसर्गाचे लॉगॅरिदम घेतले, तर हा दोष बराच कमी होतो. उत्तरात तुकड्याची लांबी 0, 1 आणि 2 धरून तीन आकडे येतात, त्यांतला शेवटचा, दोन दिवसांच्या तुकड्यांचा, आपल्या कामाचा.

परम्युटेशन एंट्रॉपी केवळ चढउताराचा क्रम पाहते, म्हणून पुराच्या आकाराने ती बिघडत नाही. पण कोरड्या दिवसांत तोच आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर समान मूल्यांसाठी दिलेला सुधारित पर्याय निवडावा.

या सॉफ्टवेअरचे खरे मोल मल्टिस्केल रीतीत, म्हणजे त्याच नोंदींची एंट्रॉपी निरनिराळ्या कालमापांवर काढण्यात, आहे. नोंदींचा क्रम विस्कटला की यादृच्छिकता वाढते, पण गुंतागुंत, म्हणजे लहान-मोठ्या कालावधींना जोडणारी रचना, वाढत नाही, आणि हा भेद एका आकड्यात कधीच दिसत नाही. निरनिराळ्या कालावधींच्या सरासरी घेत गेले की तो उघड होतो. इथे नोंदी मात्र भरपूर हव्यात. पावसाळ्याचे 122 दिवस पाच-पाच दिवसांच्या सरासरीत 24 च उरतात, आणि तेवढ्यावर काढलेला निष्कर्ष मी तरी स्वीकारणार नाही. तासागणिक नोंदी मिळाल्या तर एका पावसाळ्याच्या 2,928 होतात.

मिठी नदीच्या माहीमजवळच्या पाणीपातळीवर हे सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर भरती-ओहोटीचा घटक आधी वेगळा काढावा. नाहीतर समुद्राचा नियमितपणा नदीच्या नावावर जमा होईल.