जुना हाताने वायर केलेला गिटार अँप की नवा पीसीबीवाला? गोव्याच्या पावसाळ्याचा हिशोब धरून

गेल्या महिन्यात दोघातिघांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहितो. 70 च्या दशकातला हाताने वायर केलेला गिटारचा ट्यूब अँप कुणीतरी विकतोय, आणि त्याच सर्किटचा आताचा पीसीबीवाला (छापील सर्किट बोर्डाचा) रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती, पण आवाक्यात आहे, तर काय घ्यावं. माझ्याकडे दोन्ही आहेत. जुना एका तारवट्याच्या घरातून घेतला, त्यांनी बोटीवर असताना अमेरिकेतून आणलेला, रीइश्यू चार वर्षांपूर्वी नवा घेतला. ब्रँडचं नाव मुद्दाम घालत नाही कारण यात दोष कंपनीचा नाही, आपल्या हवेचा आहे. 22 वॅट, दोन 6व्ही6 पॉवर ट्यूब, एक बारा इंची स्पीकर, रिव्हर्ब (घुमारा), एवढं सांगितलं की ओळखणारे ओळखतील.

आवाजावर फार लिहीत नाही. जुना थोडा जास्त गोड वाटतो मला, पण एकदा दोघांचे स्पीकर अदलाबदल करून वाजवलं तेव्हा तो गोडवा बराचसा स्पीकरबरोबरच पलीकडे गेला. तुमच्या कानाला वेगळं वाटू शकतं. ट्यूबचा खर्च दोघांना सारखाच, हल्ली स्लोव्हाकियाच्या किंवा रशियाच्या येतात, आणि एखाद्या जुन्या रेडिओवाल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सची ईसीसी83 ही छोटी ट्यूब डब्यात सापडली तर घेऊन ठेवा, अँपमधल्या 12एएक्स7 ट्यूबच्या जागी सरळ बसते.

दुरुस्तीला जुना सोपा, यात वादच नाही. मागची फळी काढली की सगळं समोर, प्रत्येक रेझिस्टर सुटा दिसतो, एक काढा एक लावा. रीइश्यूचा इनपुट जॅक ढिला झाला तेव्हा मला सगळे नॉब, सगळे नट काढून पुढचा बोर्ड उचलावा लागला, अख्खी दुपार गेली एका जॅकपायी, कारण पॉट (नॉबमागचे फिरते रेझिस्टर) आणि जॅक बोर्डालाच सोल्डर केलेले असतात. सोल्डरिंग जपून करावं लागतं, जास्त तापवलं तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उचलला जातो.

व्होल्टेजला मात्र रीइश्यू बरा कारण तो 230 व्होल्टचाच मिळतो. तारवट्यांनी आणलेले जुने अँप बहुतेक 117 व्होल्टचे, 60 हर्ट्झसाठी बनवलेले, आपल्याकडे स्टेपडाऊन लावून 50 हर्ट्झवर चालवले की ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. त्यात आमच्याकडे रात्री अकरानंतर लाइन 250 ला जाते, म्हणजे ट्यूब तापवणारा 6.3 व्होल्टचा हीटर जवळजवळ 6.9 ला, तेवढीच त्याची वरची मर्यादा. आणि जुन्याला दोन पिनची वायर असेल तर वाजवायच्या आधी तीन पिनची करून अर्थिंग चेसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडून घ्या, स्विचजवळचा तो लाइनवरून चेसिसला गेलेला कॅपॅसिटर काढून टाका, इथे चालढकल नको.

आता ज्यामुळे माझं ठरलं ते सांगतो. आमचं घर फोंड्याकडे, कुळागराला (पोफळीच्या बागेला) लागून, जूनपासून चवथीपर्यंत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. जुना अँप घेतला नोव्हेंबरात, मेपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तडतड सुरू झाली, फोडणीत मोहरी तडतडते तशी, गिटार न लावता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही. ट्यूब बदलून बघितल्या. मग 100 किलोओहमचे जुने कार्बन रेझिस्टर बदलले कारण ते ओल धरतात आणि वयाबरोबर त्यांचा आकडा वर सरकतो, एक तर 128 वर गेलेला. फिल्टर कॅपॅसिटर आधीच नवे घातले होते. दर वेळी दोन-चार दिवस बरं वाटायचं, परत तेच. दिवाळीला तडतड आपोआप बंद झाली, मला वाटलं झाला एकदाचा दुरुस्त. पुढच्या जूनला परत सुरू.

शेवटी एका म्हाताऱ्या रेडिओवाल्या काकांनी सांगितलं, पार्ट सोड रे, पाटी माप, म्हणजे आतली ती काळी पाटी जिच्यावर सगळे पार्ट बसवलेले असतात. मीटरची काळी पिन चेसिसला, लाल पिन पाटीवरच्या कोऱ्या जागी, जिथे ना पार्ट ना सोल्डर, दोन आयलेटच्या (पार्ट सोल्डर करायच्या धातूच्या भोकांच्या) मधे. तिथे शून्य यायला पाहिजे. 14 व्होल्ट आले. अर्धा इंच सरकवलं, 9. मी दुसरा मीटर आणून परत मापलं, तेच. मग अँप बंद करून, कॅपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून, मीटरवर खात्री करून वीस मिनिटं हेअर ड्रायर फिरवला आणि परत चालू करून मापलं तर दोनच्या खाली, तडतड गायब. चार दिवस सलग पाऊस पडला, पाचव्या दिवशी परत 11. म्हणजे दर दुरुस्तीनंतर दोन-चार दिवस बरं वाटायचं ते नव्या पार्टमुळे नव्हे, टेबलावरच्या दिव्याखाली तो तासन् तास उघडा पडून सुकायचा म्हणून.

ती काळी पाटी म्हणजे व्हल्कनाइज्ड फायबर, मुळात कागदकापसाचाच दाबलेला लगदा, वरून मेण. त्या काळी ही सर्रास वापरायचे आणि कोरड्या हवेत ती पन्नास वर्षं टिकते पण. आपल्याकडे मेण उडालं की ती ओल पिते, आणि तिच्या खाली तशीच दुसरी पाटी असते, मधली ओल तर निघतच नाही. एका आयलेटवर 400 व्होल्ट आणि इंचभर अंतरावर ट्यूबची ग्रिड (जिथून सिग्नल आत जातो), मधे ओलसर पाटी, मग थोडा थोडा करंट त्यातूनच जातो आणि तीच ती तडतड.

उपाय आहे, फायबरग्लासची पाटी करून सगळे पार्ट तिच्यावर घ्यायचे. मी तेवढं सामान पण आणून ठेवलं होतं. पण एकेक जोडणी उचलून नव्या पाटीवर घ्यायची, कापडी आवरणाच्या जुन्या वायरी हात लावला की उसवतात, आणि इतकं करून जुना म्हणून विकत घेतलेल्या अँपमध्ये जुनं काय राहिलं? मला ते करवलं नाही. तो आता कपाटात असतो, आत झिरोचा बल्ब चोवीस तास, कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून लावतात तसा. कार्तिकात बाहेर काढतो, मे संपला की परत आत.

रीइश्यूचा बोर्ड फायबरग्लासचाच. चार पावसाळे झाले, त्याच कोऱ्या जागी मापलं की आकडा हलत नाही. वर्षातून एकदा सॉकेट आणि रिव्हर्बच्या प्लगांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, खाऱ्या हवेने पिना काळ्या पडतात म्हणून, बाकी तो एकच जॅक. चवथीच्या भजनाला, लग्नाला, जुलैत कुणी अचानक वाजवायला बोलावलं तर, कुठेही विचार न करता उचलून नेतो.

तुम्ही घाटावर राहत असाल किंवा एसीच्या खोलीतून अँप बाहेर पडणारच नसेल तर जुना घ्या, हाताखाली शिकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण गोव्यात राहून बारा महिने वाजवायचं असेल आणि एकच परवडत असेल तर मी आज रीइश्यूच घेईन. आणि तरी जुन्यावरच मन बसलं असेल तर डिसेंबरात बघून व्यवहार करू नका, विकणाऱ्याला जुलैपर्यंत थांबायला सांगा, दोन दिवस सलग पाऊस पडला की मीटर घेऊन जा. अँप उघडून चालू असताना मापायचं आहे, म्हणून एक हात खिशात ठेवा, सवय नसेल तर जाणकाराला बरोबर न्या.