वायगाव हळदीची ऑनलाइन विक्री: स्वतःचे संकेतस्थळ की व्हॉट्सअ‍ॅप?

समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही चौकशा भरपूर आणि ऑर्डरी थोड्या, ही आपल्या बचत गटांची व शेतकरी उत्पादक कंपन्यांची अडचण कायम आहे. स्वतःचे संकेतस्थळ काढावे की व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरच विक्री करावी, हे ठरवताना खर्चाच्याही आधी ग्राहक नेमका कोणत्या टप्प्यावर गळतो, हे पाहायला हवे.

संकेतस्थळावर ग्राहकाला कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. रात्री अकरालाही तो पैसे भरून मोकळा होतो. पण बेमार्ड या संशोधन संस्थेच्या संकलनानुसार कार्टमध्ये (संकेतस्थळावरील खरेदीच्या टोपलीत) वस्तू टाकणाऱ्यांपैकी सरासरी ७० टक्के लोक खरेदी अर्धवट सोडतात, आणि शेवटच्या क्षणी वाढलेला डिलिव्हरीचा खर्च हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. पाव किलो हळदीवर कुरिअरचा खर्च लागला की भाव एकदम महाग दिसतो. म्हणून संकेतस्थळ काढायचेच असेल, तर घरपोच किंमत पहिल्याच पानावर लिहावी, किलोच्या पाकिटाला प्राधान्य द्यावे आणि खाते उघडण्याची सक्ती मुळीच करू नये.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचे अ‍ॅप विनामूल्य आहे आणि त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो. त्याचे खरे बळ मात्र संवादात आहे. हळद यंदाची आहे का, उकडून वाळवलेली आहे का, दळण कोठे झाले, असे प्रश्न अनोळखी ग्राहक विचारतो, तेव्हा तो विकत घेण्याच्या अगदी जवळ आलेला असतो. त्या वेळी गटातील ताईंनी पाठवलेला वाळवणाचा फोटो जे काम करतो, ते सजवलेले पान करू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अट एकच: उत्तर लवकर गेले पाहिजे. सगळ्याजणी शेतात आणि उत्तर संध्याकाळी, असे झाले तर ग्राहक दुसरीकडे वळतो. यासाठी एका सदस्येला ठरावीक वेळ नेमून द्यावी आणि नेहमीची उत्तरे अ‍ॅपमध्ये साठवून ठेवावीत. ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, पाठवलेला संदेश मात्र आपला क्रमांक जतन केलेल्यांनाच पोहोचतो, हे लक्षात ठेवावे.

दोन्ही मार्गांत कॅश ऑन डिलिव्हरीचा हिशेब वेगळा मांडावा. शंभर चौकशांतून दहा ऑर्डरी आल्या आणि चार पार्सले परत आली, तर विक्रीचा दर सहा टक्केच धरावा, कारण परतीचा भुर्दंड बहुधा विक्रेत्यावरच पडतो. माल पाठवण्यापूर्वी एक फोन करून पत्ता व पिनकोड पक्का करावा.

नव्या गटाने व्हॉट्सअ‍ॅपपासूनच सुरुवात करावी. चौकशी, ऑर्डर, जमा रक्कम आणि पोहोच यांची वही एक हंगामभर ठेवावी. जुने ग्राहक काही न विचारता तीच ऑर्डर पुन्हा देऊ लागले आणि त्या ऑर्डरी नोंदवण्यातच सदस्येची सकाळ जाऊ लागली, की संकेतस्थळावर पैसे घालावेत.